भेगेतून वर: नाशिकजवळच्या जंगलातल्या पारंपरिक चढाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑक्टोबरात पाऊस ओसरला की आमच्या चौघा-पाचजणांच्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. तुम्ही चढता ती कातळातली भेग कुठे आहे, दोर किती लागतो, मेखा मारल्यात का, पोराला आणू का. दरवर्षी तीच उत्तरं देऊन बोटं दुखली, म्हणून एकदाची लिहून ठेवतो. मी प्रशिक्षक नाही. त्र्यंबक रोडच्या आसपासच्या कातळांवर अकरा हिवाळ्यांतले रविवार घालवलेला माणूस आहे. हे वाचून चढाई येणार नाही, ती माहीतगाराच्या दोरावरच शिकावी लागते. पण त्याला काय विचारायचं, ते इथून कळेल.

ही भेग नेमकी आहे कुठे?

एका पाड्याच्या मागे, जंगलात. याहून जास्त लिहिणार नाही, राग मानू नका. पाड्यावरच्या लोकांनी आम्हा पाचजणांना येऊ दिलं, ते पाचच आहोत म्हणून. सुट्टीच्या दिवशी हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर कशी रांग लागते ते तुम्ही पाहिलं असेल. इथे एक रील पडलं की पुढच्या रविवारी करवंदीच्या जाळ्यांत वेफर्सची पाकिटं. या, भेटा, सोबत नेऊ.

वर्णन मात्र देतो. उंची साधारण २२ मीटर, म्हणजे सातेक मजले. तोंड उत्तरेला. तळाशी उंबराच्या मुळांजवळ भेग जेमतेम बोटं शिरतील एवढी. मधल्या दहा-बारा मीटरमध्ये अख्खा पंजा जातो. वर कातळ पोट काढून बाहेर येतो आणि तिथे मूठच लागते. ते पोट ओलांडलं की गवताळ टप्पा, आणि त्यावर ऐनाचं एक जुनं झाड.

‘पारंपरिक’ म्हणजे काय? अनवाणी चढायचं का?

हा प्रश्न खरंच आला होता. नाही, बूट घालायचे. पारंपरिक म्हणजे कातळात आधीपासून काहीच ठोकलेलं नसतं. पुढे चढणारा, म्हणजे लीडर, आपलं सामान कमरेला अडकवून निघतो. भेगेत जागा दिसेल तिथे एकेक तुकडा बसवतो, त्यात दोर अडकवतो आणि पुढे सरकतो. पडला तर त्यानेच बसवलेला शेवटचा तुकडा त्याला धरतो. मागून येणारा सेकंड ते सगळे तुकडे काढत वर येतो. दोघं उतरले की कातळावर हाताला लावलेल्या खडूची पांढरी बोटं सोडून काही उरत नाही, आणि पहिल्या पावसात तीही जातात.

आणि सिंगल पिच?

एका दोराच्या लांबीत संपणारी चढाई. ६० मीटरचा दोर वर जाऊन दुमडून खाली आला तरी २२ मीटरला पुरून उरतो. तरीही दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारायचीच. बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, हातातून टोक निसटून गेल्याने झालेले अपघात जगभर आहेत आणि त्यातले बरेच ‘दोर पुरतो, माहितीये’ म्हणणाऱ्यांचे आहेत.

सह्याद्रीचा दगड भरवशाचा नाही म्हणतात. मग त्याच्या भेगेत जीव कसा टांगायचा?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात.

आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. थरावर थर साचत गेले. थर थंड होताना आक्रसला आणि त्याला उभ्या चिरा पडल्या. काही ठिकाणी त्यातून खांबच्या खांब सुटे झाले. आपण चढतो ती भेग म्हणजे अशा दोन खांबांमधला सांधा. अडचण अशी की खांब मागच्या कातळाला घट्ट धरून आहे, की गेली कित्येक वर्षं नुसता टेकून उभा आहे, हे डोळ्यांना कळत नाही. दोन टणक थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो, तो तर नखाने कोरला जातो. शिवाय जंगलातली भेग. तिच्यात पाला कुजून माती झालेली, उंबराचं मूळ पाचरीसारखं आत घुसलेलं.

म्हणून आधी ऐकायचं. उन्हाळ्यात माठ घेताना आई कशी बोटाच्या पेराने टकटक करते? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. कातळालाही तसंच वाजवून बघायचं, फक्त आवाज वेगळे. तळव्याने किंवा मुठीच्या बाजूने थापटायचं. भरीव कातळ हाताला नुसता लागतो, आवाज जवळजवळ येतच नाही. सुटा असला तर ‘डब’ असा पोकळ आवाज येतो आणि दुसरा हात लावून ठेवला असेल तर त्याला थरथर कळते. आमच्या भेगेत नवव्या मीटरला डाव्या अंगाला दाराएवढी एक शिळा आहे. दिसायला देखणी, धरायला उत्तम, आणि वाजवली की पिठाचा रिकामा डबा. तिला आम्ही हात लावत नाही.

हे ऐकणं एवढं महत्त्वाचं का, ते पुढच्या उत्तरात.

कॅम आणि नट यांत फरक काय? कुठला घ्यायचा?

नट म्हणजे तारेला जोडलेली धातूची पाचर. भेग खाली निमुळती होत असेल तिथे वरून सरकवायची आणि झटका देऊन घट्ट करायची. यात हलणारा भाग नाही, वजन नाही, किंमतही कमी. बिघडायला काही नाहीच.

कॅमला दांड्याच्या टोकाशी गोलाकार पाकळ्या असतात. खटका ओढला की त्या मिटतात, सोडला की उघडून दोन्ही भिंतींना चिकटतात. समांतर भिंतींच्या भेगेत नट घसरतो, तिथे कॅमच लागतो. अमेरिकेतल्या योसेमिटीत चढणाऱ्या रे जार्डिन यांनी हे यंत्र घडवलं आणि १९७८ पासून ते ‘फ्रेंड्स’ नावाने बाजारात आलं. जुने लोक अजूनही कॅमला फ्रेंडच म्हणतात.

आता कळीचा मुद्दा. कॅमला खाली ओढलं की तो भिंतींना बाहेर ढकलतो, आणि पाकळ्यांच्या आकारामुळे प्रत्येक भिंतीवरचा रेटा खालच्या ओढीच्या साधारण दुप्पट असतो. भिंत भक्कम असेल तर याच रेट्याने तो धरतो. पण एक भिंत म्हणजे ती दाराएवढी सुटी शिळा असेल, तर तुम्ही पडताक्षणी कॅम जॅकसारखा तिला उचकटणार. मग तुम्हीही खाली आणि तुमच्यामागून शिळाही, आणि तळाशी बिले देणारा उभा आहेच. त्यामुळे ‘कॅम पक्का बसलाय’ हे अर्धंच वाक्य झालं. तो कशात बसलाय, ते आधी सांगा.

बसवताना मी बघतो ते असं. चारही पाकळ्या कातळाला टेकल्यात का, त्या अर्ध्याहून जास्त मिटलेल्या आहेत का, दांडा ओढ येईल त्या दिशेला म्हणजे खाली झुकलाय का. मागे माती किंवा शेवाळ असेल तर जुन्या टूथब्रशने घासून काढतो. आपला बेसाल्ट ग्रॅनाइटसारखा खरखरीत नसतो. काही भिंती तर घोटल्यासारख्या गुळगुळीत असतात, तिथे ओलसर मातीची पापडीही कॅमला घसरवायला पुरते.

किती अंतरावर एकेक तुकडा बसवायचा?

सुरुवातीला जवळजवळ. वर गेल्यावर थोडं लांब चालतं. लोकांना हे उलटं वाटतं, कारण भीती उंचीची असते आणि धोका जमिनीचा.

हिशोब करू. तुमची कंबर जमिनीपासून ६ मीटरवर आहे, शेवटचा कॅम ४ मीटरवर. म्हणजे तुम्ही कॅमच्या २ मीटर वर आहात. सुटलात तर कॅमपर्यंतचे २ आणि त्याच्या खाली आणखी २, असे ४ मीटर पडणार. कंबर आली २ मीटरवर. आता दोर ताणला जाणार, कारण तो ताणला जाण्यासाठीच बनवलाय. बिलेअरकडे थोडी ढील असणार, तोही थोडा उचलला जाणार. आणि तुमचे पाय कमरेखाली मीटरभर लोंबतातच. म्हणजे कॅम धरला, दोर धरला, बिलेअरने धरलं, आणि घोटा तरी गेला. तोच २ मीटरचा फरक १५ मीटर उंचीवर असेल तर तुम्ही हवेत लटकता आणि शिव्या देता, बस.

आम्ही पहिला तुकडा डोक्याएवढ्या उंचीवर, जमिनीवर उभं राहूनच बसवतो. पुढे दहाव्या मीटरपर्यंत दर दीड मीटरला एक.

हात भेगेत ‘अडकवायचा’ कसा? बोटांनी कड धरून ओढत गेलं तर नाही का चालणार?

चालेल, पाच मीटर. मग दंड भरून येतील आणि कॅम बसवायला एकही हात मोकळा उरणार नाही.

पंजा सरळ करा, अंगठा वर ठेवून भेगेत घाला. आता अंगठा तळहातात दुमडून करंगळीकडे दाबा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग फुगतो, बोटांची मागची बाजू दुसऱ्या भिंतीला टेकते, आणि हात पाचरीसारखा बसतो. तीर्थ घेताना तळव्याचा जसा खळगा होतो, तसाच करायचा, फक्त आतून जोर लावायचा. नीट बसला की त्या एका हातावर लटकून दुसऱ्या हाताने नाक खाजवता येतं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा माणूस हसतोच, मी शेकड्याने पाहिलेत.

पायाचं तंत्र त्याहून सोपं. गुडघा बाहेर टाकून बुटाचं टोक तळवा आडवा करून भेगेत घालायचं आणि गुडघा सरळ करायचा. बूट पिळला जातो आणि पायरी तयार होते. दुखतं, हो.

हाताच्या मागच्या बाजूला मेडिकलमध्ये मिळणारी कापडी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सोमवारी ऑफिसात सोललेल्या हातांचा खुलासा करत बसावं लागेल.

एखादा बोल्ट मारून टाकला तर सगळ्यांचीच सोय नाही का होणार?

बऱ्याच सुळक्यांवर कातळ सपाट असतो, भेग नसते, तिथे बोल्ट किंवा मेखेशिवाय इलाज नाही. सह्याद्रीतले किती तरी सुळके तसेच सर झालेत आणि त्यात कमीपणा नाही. पण इथे दर हातभर अंतरावर भेग जागा देतेय. इथे भोक पाडायचं म्हणजे नीट चालता येणाऱ्याला कुबडी देणं. दुसरं असं की त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात लोखंड गंजतं. बाहेरून ठीक दिसणारा जुना बोल्ट आतून काय झालाय हे कळत नाही आणि नवखा डोळे झाकून त्यात दोर घालतो. वनखात्याच्या जमिनीत विनापरवाना ड्रिल चालवणं हा वेगळाच विषय.

वरच्या झाडाला अँकर, म्हणजे दोराचा वरचा आधार, बांधला तर चालतो का?

चालतो, पण झाड बघून. मांडीहून जाड, जिवंत, हिरवं, आणि हलवून न हलणारं हवं. कातळमाथ्यावर माती वीतभरच असते, मुळं खाली न जाता आडवी पसरतात. त्यामुळे धडधाकट दिसणारं झाडही मुळासकट उपटून येऊ शकतं. पट्टा बुंध्याशी, अगदी खाली बांधायचा, उंच बांधला की झाडावर तरफेसारखा ताण येतो. आम्ही ऐनाच्या जोडीला मागच्या चिरेत दोन नट बसवून तिन्हींवर भार वाटतो. दोर झाडाभोवती थेट टाकून ओढू नका. सालही सोलते आणि दोरही.

सामान काय लागेल आणि किती पैसे जातील?

हेल्मेट, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), बूट, बिलेचं साधन, ६० मीटरचा डायनॅमिक म्हणजे ताणला जाणारा दोर, नटांचा एक संच, सात-आठ कॅम, लांब पट्टे, कॅराबिनर (दोर अडकवायच्या खटक्याच्या कड्या), अडकलेले नट काढायचा हूक. एकेका कॅमची किंमत हजारांत जाते, म्हणून सुरुवातीला कोणीच एकटा सगळं घेत नाही. दोघा-तिघांत वाटून घ्या. पैसे कमी असतील तर आधी हेल्मेट घ्या. आमच्याकडे माथ्यावरून दगड पाडायला वानरं आहेत, तीही रविवारी फुकटात.

दोर आणि पट्टे जुने, कोणाचे तरी वापरलेले कधीही घेऊ नका. रॅपलिंगचा, म्हणजे दोरावरून उतरायचा, न ताणणारा स्टॅटिक दोर लीडला वापरायचा नाही, हे तर ठळक अक्षरांत लिहायला हवं.

योग्य हंगाम कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जंगलातली आणि त्यात उत्तरेला तोंड असलेली भेग उघड्या कड्यापेक्षा उशिरा वाळते. दसऱ्याला बाहेरून कोरडी दिसली तरी आत हात घातला की गार चिखल लागतो. मार्चनंतर शेवाळाची पूड होते, कातळ तापतो, आणि मधमाश्या वाढतात. पावसाळ्यात घरी बसून गाठींचा सराव करा.

माश्यांचं काय?

सापापेक्षा, बिबट्यापेक्षा, उंचीपेक्षा मला आग्या मोहोळाची भीती वाटते. मोठी पोळी कातळाच्या पोटाखालीच लागतात, म्हणजे नेमकी आपल्या वाटेवर. एका डिसेंबरात आम्ही सगळं सामान मांडून बसलो होतो. पाड्यावरचे एक बाबा बैल घेऊन चालले होते. वर न बघताच म्हणाले, “आज नगा चढू. माश्या आल्यात त्या अंगाला.” आम्हाला काहीच दिसत नव्हतं. दुर्बीण लावली तर पोटाच्या आडोशाला सुपाएवढं काळं पोळं, आणि त्यावरून लाटेसारखी सरकणारी चमक. त्यांना ते कसं कळलं, विचारलं. “आवाज येतोय की.” अकरा वर्षं कातळाला कान लावणारे आम्ही, आणि हा आवाज आम्हाला ऐकू आला नव्हता.

तेव्हापासून आधी पाड्यावर चौकशी, मग दुर्बीण, मग दोर. अत्तर, डिओ, धूर, विडी, सगळं बंद. दोरावरचा माणूस पळू शकत नाही आणि बिले देणाऱ्याने पळायचं नसतं, म्हणून बिलेअरच्या पायाशी एक जुनी चादर कायम ठेवतो. माश्या उठल्या तर त्याने ती अंगावर ओढायची आणि वरच्याला सोडत खाली आणायचं.

साप, बिबट्या?

भेगेत हात घालण्याआधी बघा, इतकंच. पायथ्याच्या पाल्यात फुरसं असू शकतं, तिथे बूट काढून फिरू नका. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही न करता अवयव स्थिर ठेवून दवाखाना गाठायचा. बिबट्याने आम्हाला पाहिलं असेल, आम्ही त्याला पाहिलेलं नाही.

खरा छळ खाजकुयलीचा. हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात आणि सोनेरी कुसं वाऱ्यावर उडतात. अंगाला लागली तर चोळू नका. हाताला गुंडाळायची चिकटपट्टी त्वचेवर दाबून ओढून काढा, कुसं तिच्याबरोबर निघतात.

परवानगी लागते का?

जमीन वनखात्याची असेल तर विचारूनच जायचं. गावाची वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्याकडेही. अंजनेरीसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रात तर जास्तच जपायला हवं. तिथल्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात आणि त्यांचा विणीचा काळ नेमका आपल्या चढाईच्या हंगामात येतो. घरट्यांच्या कड्यांवर आम्ही जात नाही. गिधाडांना दुसरी जागा नाही, आपल्याला आहे.

वर-खाली बोलायचं कसं? आवाज पोचतो का?

झाडी आवाज खाते. पोटाच्या वर गेलेला लीडर काय ओरडतोय हे खाली नीट कळत नाही, ‘ढील दे’ आणि ‘धर’ यांतही गोंधळ होतो. म्हणून आधी नाव, मग एकच शब्द. “समीर, ढील!” शेजारी दुसरी जोडी असेल तर नावाशिवाय दिलेली हाक कोणाचा तरी जीव घेईल. दगड सुटला तर मात्र नाव शोधत बसू नका, “दगड!” म्हणून बोंबला. खालच्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

अपघात झाला तर?

बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत ठेवणं जिवावर बेतू शकतं, त्याला आधी खाली आणा. पाठ-मानेची शंका असेल तर त्यानंतर हलवू नका. १०८ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येईल, तिथून आतली वाट तुमची आणि पाड्यावरच्यांची. मोबाइलची रेंज कुठल्या वळणावर मिळते हे सकाळी जातानाच बघून ठेवा.

मी कधीच चढलेलो नाही. मुलगी १२ वर्षांची आहे. येऊ का?

या दोघं. वरून दोर लावून देऊ, त्यात पडलात तरी वीतभरच पडाल. मुलांचे हात बारीक असतात, जी भेग आम्हाला नकोशी होते तिथे ती सरसर जातात. लीड मात्र लगेच नाही. आधी हंगामभर सेकंड म्हणून मागून चढा, दुसऱ्याने बसवलेला प्रत्येक तुकडा काढताना बघा. चांगला कुठला आणि नावापुरता कुठला, ते बसवण्यापेक्षा काढताना जास्त कळतं. रीतसर शिकायचं असेल तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थांचे मूलभूत अभ्यासक्रम आहेत, आणि नाशकात वैनतेयसारख्या जुन्या संस्थाही आहेत.

नाशिकला हे सगळं नवीनच आहे ना?

अजिबात नाही. हरिहरचा उभा कडा १९८६ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी सर केला, तेच ते स्कॉट जे १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैऋत्य भिंतीवरून माथ्यावर पोचले होते. त्या कड्याला लोक ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. ते स्कॉट आडनावाचे होते, स्कॉटलंडचे नव्हते, पण आता कोण दुरुस्त करणार.

मिसळ आधी की नंतर?

नंतर. पोटावर हार्नेस आवळून बघा, म्हणजे कळेल.

पोटाच्या खाली, भेगेत आत एक लाल कॅम अडकलाय. तो कोणाचा?

माझा. घाबरलो होतो. जागेपेक्षा मोठा कॅम होता, पाकळ्या पुऱ्या मिटवून आत कोंबला. पुऱ्या मिटलेल्या कॅमला परत मिटायला जागाच उरत नाही, त्यामुळे तो निघत नाही. सेकंडने पाऊण तास हुकाने ठोकलं, मी दोरावर लटकून तासभर ठोकलं, अंधार पडायला लागला तेव्हा सोडून आलो. पुढच्या तीन हिवाळ्यांत प्रयत्न करून झाले. आता त्याची तार गंजलीये आणि एका पाकळीवर मुंग्यांनी माती चढवलीये. त्यात दोर अडकवू नका. काढता आला तर कॅम तुमचा, मिसळ माझ्याकडून.